वजनाची टाकी आणि मास्टर मीटर यांत फरक का येतो?

प्रश्न : आमचा विद्युतचुंबकीय फ्लोमीटर (नळीतील प्रवाह मोजणारे उपकरण) मास्टर मीटरशी, म्हणजे तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित मीटरशी जुळतो, मात्र ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यावर वजनाच्या टाकीशी (जिच्यात मीटरमधून गेलेले पाणी साठवून तोलतात आणि वजनावरून आकारमान काढतात) ताडून पाहता तो सुमारे ०.३५ टक्के जास्त दाखवतो. घनता ९९८.२ धरली आहे. टाकी आणि मास्टर मीटर यांपैकी कोणते मानक ग्राह्य मानावे?

उत्तर १ : ९९८.२ ही २० अंशांवरील घनता आहे. ३० अंशांवर ती ९९५.७ किलोग्रॅम प्रति घनमीटर असल्याने वजनावरून काढलेले आकारमान पाव टक्क्याने कमी निघते आणि हवेच्या उत्प्लावक बलाची दुरुस्ती केली नसेल, तर आणखी सुमारे ०.१ टक्का कमी भरते. टाकीला दोष देण्याआधी हे गणित कृपया पुन्हा करावे.

उत्तर २ : सहमत. तापमान मात्र मीटरपाशीच मोजावे, आणि मीटर व टाकी यांमधल्या नळीत हवा अडकलेली नाही, याचीही खात्री करावी.