पदवी प्रदर्शनात विद्यार्थ्याने स्वतःचे नाव मिरवावे का?

रेषाटन

गेल्या आठवड्यात 'जुना जेजेकर' यांनी या चर्चेत लिहिले होते की उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाची मुले प्रकल्पापेक्षा स्वतःच्या नावाचा लोगो करण्यातच रमतात, पदवी प्रदर्शनात प्रत्येकाच्या टेबलावर स्टिकर आणि व्हिजिटिंग कार्डांची चवड असते, आणि "ज्याला काम येते त्याला नाव ओरडून सांगावे लागत नाही". त्या लिखाणावर पडलेल्या टाळ्या पाहून हे सविस्तर उत्तर लिहावेसे वाटले.

नाव ओरडून सांगावे लागत नाही ते कोणाला? ज्याचे नाव आधीच कोणीतरी दुसरा घेत असतो त्याला. ज्याचा मामा जाहिरात संस्थेत आहे किंवा ज्याच्यासाठी सर स्वतः फोन फिरवतात, त्याने कार्ड छापले काय आणि न छापले काय, सारखेच. नांदेडहून किंवा जळगावहून आलेल्या मुलीचे काम अनोळखी माणसे भिंतीसमोर उभी राहून पाहतात ते बहुधा त्या प्रदर्शनाच्या दिवसांतच. पाहणारा पुढच्या भिंतीकडे वळला की त्याच्या खिशात तिचे काय राहते, एवढाच प्रश्न आहे.

दुसरे असे की स्वतःची ओळख घडवणे हा लाड नसून अभ्यासक्रमातला सर्वांत अवघड सराव आहे. चार वर्षे आपण साबणाच्या, चहाच्या आणि काल्पनिक कॅफेच्या ओळखी केल्या. तेथे ब्रीफ, म्हणजे काय करायचे याची मागणी, दुसऱ्याने दिलेले असते. येथे आपण काय करतो, कोणासाठी करतो आणि काय करणार नाही, हे स्वतःच ठरवावे लागते. पॅनेल, म्हणजे काम मांडायचा फलक, एकच मिळते आणि कामे ढीगभर असतात. त्यांतली बहुतेक कामे काढून टाकण्याचा निर्णय घेणे हीच खरी परीक्षा असते. ज्याला हे जमते त्याचे कार्ड साधे असले तरी चालते, हे मी मान्य करतो. पण ते नसलेच पाहिजे हा हट्ट मला कळत नाही.

जुना जेजेकर

माझे वाक्य उचलले, पण त्याच्या मागचे-पुढचे सोडून दिले. मी कार्डाला विरोध केलेला नाही. क्रम उलटा झाल्याला विरोध केला आहे. या वर्षी एका महाविद्यालयाच्या प्रदर्शनात मी एका मुलाला त्याच्या बोधचिन्हाविषयी विचारले, तर तो ग्रिड, गोल्डन रेशो आणि आद्याक्षरांतली 'निगेटिव्ह स्पेस' यांवर अस्खलित बोलला. मग त्याच्या पाणीवाटपाच्या प्रकल्पाविषयी विचारले, की हे पत्रक तुम्ही कोणत्या गावातल्या कोणत्या माणसाला वाचायला दिले होते? उत्तर नव्हते. ते कोणालाच दिले नव्हते.

अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी जी अक्षरे केली, ती वर्तमानपत्राचे पान उलटताना खाली नाव नसतानाही ओळखू येत. त्यांना स्वतःचा लोगो लागला नाही. रुपयाचे चिन्ह 2010 साली स्वीकारले गेले, ते पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या एका संशोधक विद्यार्थ्याने केलेले होते. ते आज नव्या नाण्यांवर आणि नोटांवर आहे. करणाऱ्याचे नाव रस्त्यावरच्या दहा जणांना विचारून पाहा. काम असे असावे.

रेषाटन

उदाहरणे देताना ती कोणाच्या बाजूने साक्ष देतात हे तरी पाहावे. शेडगे टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात नोकरीला होते आणि नाटकांच्या जाहिरातींतून त्यांची अक्षरे घराघरांत पोहोचत होती. ते पान हीच त्यांची भिंत आणि तेच त्यांचे कार्ड. आजच्या मुलाला ते पान कोण देणार? आणि रुपयाचे चिन्ह करणाऱ्या उदय कुमार यांचे नाव दहा जणांना सांगता येत नाही, याचे आपल्याला कौतुक वाटते? मला तर ती आपल्या व्यवसायाची शोकांतिका वाटते.

स्टुडिओवाली

मी दरवर्षी मुंबई-पुण्याची प्रदर्शने पाहते आणि त्यांतूनच माझ्या स्टुडिओत कामाला मुले घेते, म्हणून भिंतीच्या या बाजूचेही थोडे ऐकावे.

घरी आल्यावर पर्समधून कार्डे काढते. एकावर मॅट लॅमिनेशन आणि त्यावर स्पॉट यूव्ही (ठरावीक जागी चकाकीचा थर), म्हणजे खर्च भरपूर. पण फोन नंबर पाच पॉइंटच्या फिकट करड्या अक्षरांत, तोही काळ्या कागदावर. दुसऱ्यावर केवळ एक क्यूआर कोड, आणि तो उघडला तर पोर्टफोलिओची लिंक बंद पडलेली. तिसऱ्यावर स्वतःच्या नावाचे असे काही चिन्ह की ते वाचताच येत नाही. अशा मुलांना मी नाकारते ते लोगो केला म्हणून नव्हे, तर वाचणाऱ्याचा विचार केला नाही म्हणून. आणि जो स्वतःच्या कार्डावर हे करतो तो माझ्या ग्राहकाच्या औषधाच्या खोक्यावरही तेच करील. त्यामुळे जेजेकरांनी कार्डाकडे दुर्लक्ष करू नये. पाणीवाटपाच्या पत्रकातला दोष त्या कार्डावरही दिसतो.

जाता जाता, महाविद्यालयांना एक विनंती. प्रत्येक पॅनेलखाली विद्यार्थ्याचे नाव, प्रकल्प, कालावधी आणि गटातले काम असल्यास त्यात याचा वाटा किती, एवढी पट्टी एकसारखी लावा. चार जणांच्या गटाचा एकच प्रकल्प मला चार पॅनेलांवर चार मालकांच्या नावाने भेटतो.

इचलकरंजीचा

मी यंदाच पदवी घेतली, म्हणजे ज्याच्यावर ही चर्चा चालली आहे तो मीच. माझे वडील बोर्ड रंगवायचे. फ्लेक्स आल्यावर ते काम आटत गेले, पण गावात अजूनही काही दुकानांवर त्यांचे बोर्ड आहेत आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात खाली, मूळ अक्षरांच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढ्या आकारात, त्यांचे नाव आणि गाव असते. दुकानदाराने ते कधी पुसायला सांगितले नाही, कारण पुढचा दुकानदार ते वाचूनच घरी येत असे. त्याला 'पर्सनल ब्रँडिंग' म्हणत नव्हते, इतकेच. ट्रकच्या मागे रंगाऱ्याची सही असते तिला आपण लोककला म्हणून कौतुकाने छायाचित्रात घेतो. तेच मुलाने प्रदर्शनाच्या सनबोर्डावर (हलक्या फोमच्या फलकावर) केले की तो मिरवतो.

खर्चाविषयी मात्र जेजेकरांचे न बोललेले म्हणणे मी बोलतो. विनाईल, सनबोर्ड आणि छपाईसाठी आमच्या वर्गातल्या काही जणांनी घरून पैसे मागवले, काहींना ते मागवता आले नाहीत, आणि परीक्षकांसमोर दोघांची पॅनेल शेजारी शेजारी लागली. महाविद्यालयाने साहित्य आणि आकार सगळ्यांसाठी ठरवून दिला असता तर हा फरक भिंतीवर दिसला नसता.

लिपीरक्षक

इचलकरंजीच्या मित्राला एकच प्रश्न: वडिलांची सही कोणत्या लिपीत होती आणि तुमचे कार्ड कोणत्या लिपीत आहे?

मी गेली अनेक प्रदर्शने याच नजरेने पाहतो आहे. नाव रोमनमध्ये, पॅनेलवरचा मजकूर इंग्रजीत, आणि मराठी दिसते ते केवळ 'सांस्कृतिक' प्रकल्पात, तेही तुटलेले. यंदा एका पॅनेलवर 'प्रदर्शन' हा शब्द असा छापला होता की 'प'चा पाय मोडून 'र' शेजारी सुटा उभा होता. दोन फूट उंचीच्या अक्षरांत. जेथे ल आणि श आहेत तेथे सर्रास हिंदी वळणाची अक्षरे. शासनाने 2009 मध्ये निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवले, पण त्याची दखल कला महाविद्यालयांनी घेतल्याचे दिसत नाही. ज्या मुंबईत सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी अक्षरांवर आयुष्य घातले तेथल्या मुलाला स्वतःचे नाव स्वतःच्या लिपीत मांडता येऊ नये, याची लाज कोणाला वाटते की नाही?

पिक्सेलपंत

लाज वाटण्याआधी सॉफ्टवेअर उघडून पाहावे. इलस्ट्रेटर या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी मजकूर चिकटवला आणि प्रेफरन्सेसमधले इंडिक पर्याय चालू करून दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर (अक्षरे जुळवून ओळ बसवणारा पर्याय) निवडला नाही, तर जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते. शिक्षकांनी हे सांगितलेले नसते, कारण त्यांनी आयुष्यभर श्रीलिपी या टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकून आउटलाइन केलेला, म्हणजे अक्षरांचे चित्रात रूपांतर केलेला मजकूर आणला. ल आणि श यांचेही तसेच. अनेक चांगल्या फाँटांत मराठी वळण असते, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय ते पुढे येत नाही. 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फाँट तर फुकट आणि व्यावसायिक कामालाही खुले आहेत. प्रश्न अस्मितेचा नाही, तासाभराच्या प्रशिक्षणाचा आहे.

लिपीरक्षक

म्हणजे चार वर्षांच्या अभ्यासक्रमात तासभर सापडला नाही! मी अस्मिता म्हटले की आपल्याला हसू येते, आणि आपण स्वतःच सिद्ध करता की ज्याची कोणाला पर्वा नसते त्यालाच वेळ मिळत नाही.

पिक्सेलपंत

मी हसलो नाही. विद्यार्थ्याला लाज वाटायला सांगणाऱ्या, पण त्याला कोणते बटण दाबायचे हे न सांगणाऱ्या सगळ्याच ज्येष्ठांचा मला कंटाळा आला आहे, आणि त्यांत आपण एकटे नाही. आपण शेवटचे सॉफ्टवेअर कोणते वापरले, हे विचारण्याचा मोह आवरतो.

स्टुडिओवाली

आवरला असता तर बरे झाले असते. लिपीचा विषय भरकटलेला वाटला तरी माझ्या दृष्टीने तो मूळ प्रश्नातलाच आहे. माझ्याकडचे निम्मे काम मराठी मजकुराचे असते आणि देवनागरी नीट बसवणारी मुले मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मिळतात. उद्या कोणी कार्डावर नाव मराठीत, जोडाक्षरे शाबूत आणि ओळीतले अंतर वेलांट्या-उकारांना पुरेल एवढे ठेवून आणले, तर त्याला वेगळा लोगो करण्याची गरजच पडणार नाही. मी त्याच संध्याकाळी फोन करीन.

जुना जेजेकर

चला, शेवटी लोगोची गरज नाही यावर व्यवसायातल्या जाणकार बाईंची मोहोर उठली. हे मी आठवडाभर आधी म्हटले तेव्हा मी जुनाट होतो. इचलकरंजीच्या मुलाच्या वडिलांच्या सहीविषयी मात्र मला बोलायला जागा नाही. बोर्ड उत्तम असेल तर कोपऱ्यातली सही शोभते. बोर्ड आधी, एवढे लक्षात ठेवावे.

रेषाटन

"बोर्ड आधी" हे मी पहिल्याच लेखात, कामे काढून टाकण्याविषयी लिहिताना म्हटले होते. पण आपण सहमत झालात याचा आनंद मी संयमाने व्यक्त करतो.

इचलकरंजीचा

लिपीरक्षक यांच्या प्रश्नाचे उत्तर राहिले: माझे कार्ड रोमनमध्ये आहे, कारण मुलाखती ज्या स्टुडिओंत होत्या तेथे मराठी वाचणारे कोणी असेल याची खात्री नव्हती. दोन बाजूंना दोन लिप्या असे नवे कार्ड करतो आहे. पंत, तो कंपोझर जुन्या आवृत्तीत नेमका कोणत्या मेनूत सापडेल, ते कृपया लिहा. आमच्या येथल्या छपाईवाल्याकडे अजून जुनीच आवृत्ती आहे आणि फाइल आउटलाइन न करता पाठवली की तो फोन करून ओरडतो.