विरुद्धार्थी शब्द आणि म्हणी: इंग्रजी शब्दसंग्रह यांनी वाढतो की नुसतं पाठांतर होतं?

गोदाकाठची

आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत परवा यावरून चांगलीच जुंपली. मार्गदर्शक म्हणून आलेल्या सरांचं म्हणणं होतं, विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या आणि म्हणी फळ्यावर लिहून देणं थांबवा, ही घोकंपट्टी आहे, तिने इंग्रजी येत नाही. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते पटलेलं नाही. तिथे बोलायला वेळ मिळाला नाही, म्हणून इथे मांडते.

मी नांदेड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे सातवीपर्यंत मुलांकडे शब्द बऱ्यापैकी जमलेले असतात. पण कोणते? मँगो, टायगर, विंडो, यलो. वस्तूंची नावं आणि रंग. वाक्य अडतं ते विशेषणापाशी आणि क्रियापदापाशी. 'रस्ता अरुंद आहे' म्हणायचं तर 'रोड' येतो, 'अरुंद' येत नाही. वाघाचं चित्र दाखवता येतं, 'नॅरो'चं कसं दाखवणार? शेजारी 'वाइड' असल्याशिवाय अरुंदपणा दिसतच नाही. विशेषण तुलनेतून कळतं, आणि विरुद्धार्थी जोडीत ती तुलना आयती मिळते.

दुसरा फायदा उपसर्गांचा. पॉसिबल–इम्पॉसिबल, लीगल–इल्लीगल, रेग्युलर–इर्रेग्युलर. मुलं विचारतात, कुठे 'इन', कुठे 'इम', कुठे 'इल', हे पाठ कसं करायचं? मी फळ्यावर 'आंबा' आणि 'कांदा' लिहिते आणि हळू म्हणायला सांगते. टिंब दोन्हींवर सारखंच, पण आंब्यात ओठ मिटतात आणि कांद्यात जीभ दाताला लागते. पुढे ब आला की अनुस्वाराचा म होतो, द आला की न होतो. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, तोंडच ते करतं. 'इन'चंही तसंच. पुढे प, ब, म आला की 'इम', ल आला की 'इल', र आला की 'इर'. ही लॅटिनची सवय. 'अन' मात्र मूळचा इंग्रजी उपसर्ग, तो जागचा हलत नाही: अनपेड, अनलॉफुल, अनरिअल. एवढं कळलं की मुलं माहीत असलेल्या शब्दांतूनच नवे शब्द काढायला लागतात.

म्हणींबद्दल थोडं जास्त लिहायचं आहे. 'अ बॅड वर्कमन क्वॉरल्स विथ हिज टूल्स' ही म्हण दिली आणि 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हटलं की मुलाला आशय क्षणात कळतो. आशयावर डोकं खर्च होत नाही, ते सगळं शब्दांकडे वळतं. 'क्वॉरल'पुढे 'विथ' येतो हे वेगळं शिकवावं लागत नाही. शेजारी 'एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज' लिहायची, म्हणजे आपलं 'उथळ पाण्याला खळखळाट फार'. आता विचारायचं, 'क्वॉरल्स'ला एस आहे, 'मेक'ला का नाही? कारागीर एक, भांडी अनेक. कर्ता आणि क्रियापदाचा मेळ मुलं इथे स्वतः शोधतात. नुसता नियम सांगितला तेव्हा हीच मुलं जांभया देत होती.

असहमत असाल तर जरूर लिहा.

शब्दमागोवा

ताई, आंबा-कांदा मी प्रशिक्षणात वापरणार, तुमच्या परवानगीने. मुख्य मुद्द्यावर मात्र ठाम असहमत.

दोन्ही शब्द नवे असतील आणि ते विरुद्ध जोडी म्हणून एकाच तासाला दिले, तर ते एकमेकांत अडकतात. मुलाला जोडी आठवते, त्यातला कोणता कोणता ते आठवत नाही. हे माझ्या मनचं नाही. टॉम टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये यावर प्रयोग केले, आणि रॉब वॉरिंग यांनी १९९७ मध्ये तसेच प्रयोग जपानी विद्यार्थ्यांवर केले. अर्थाने एकाच गटातले शब्द एकत्र शिकायला, एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त कष्ट पडतात, असं दोघांनाही आढळलं. न्यूझीलंडचे पॉल नेशन हे शब्दसंग्रहाच्या अभ्यासातलं फार मोठं नाव. त्यांनीही हेच बजावलं आहे की विरुद्धार्थी शब्द एकदम नवे म्हणून देऊ नका. जास्त वापरातला आधी द्या, तो पक्का होऊ द्या, मग दुसरा आणा.

'लेंड' (उसने देणे) आणि 'बॉरो' (उसने घेणे) घ्या. आपल्याकडे शब्द 'उसने', आणि दिशा क्रियापदातून कळते: उसने दिले, उसने घेतले. इंग्रजीत दिशा शब्दातच असते. जोडी एकदम दिली की मूल दोन्हींपुढे 'उसने' लिहून मोकळं होतं, आणि वहीत 'आय बॉरोड हिम माय पेन' उमटतं. मग हा गोंधळ निघता निघत नाही. चांगले पदवीधर बँकेच्या अर्जात तो करतात.

शिवाय विरुद्धार्थी शब्द एकच असतो हे यादीने शिकवलेलं खोटं आहे. 'ओल्ड'चा विरुद्धार्थी? माणूस असेल तर 'यंग', सायकल असेल तर 'न्यू'. 'लाइट'चा? पेटी असेल तर 'हेवी', रंग असेल तर 'डार्क'. 'हार्ड'चा? गादी असेल तर 'सॉफ्ट', गणित असेल तर 'ईझी'. शब्द वाक्यात राहतो. त्याला वाक्यातून उपटून यादीत ठेवलं की त्याचं अर्धं ज्ञान जातं.

आणि उपसर्गाचा नियम तर जिवावर बेतू शकतो. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथल्या टँकरच्या पाठीवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. तुमच्या नियमाने त्याचा अर्थ 'पेट न घेणारं' होईल. खरा अर्थ 'झटकन पेट घेणारं', कारण इथला 'इन' नकाराचा नाहीच, तो 'इन्फ्लेम' म्हणजे पेटवणे यातला आहे. असा गैरसमज होऊ नये म्हणूनच अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सुरक्षेच्या फलकांवर 'फ्लेमेबल' हा शब्द पुढे आणला गेला.

अभ्यासिका_लातूर

दोन्ही बाजू वाचल्या. शब्दमागोवा सरांचं बरोबर असेल, पण आमची गरज वेगळी आहे.

तलाठी भरतीचा पेपर १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. त्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, म्हणजे ५० गुण. अभ्यासक्रमात समानार्थी, विरुद्धार्थी, म्हणी, वाक्प्रचार असं स्पष्ट लिहिलेलं असतं. २०२३ च्या भरतीत साडेचार हजारांच्या वर जागांना दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. तिथे एका शब्दावर यादीतलं नाव वर-खाली होतं. मला कादंबऱ्या वाचून शब्द मुरवायला आवडलं असतं, पण घरचे विचारतात निकाल कधी. 'स्केअर्स' दिसलं की 'अबंडंट', 'ट्रान्स्परंट' दिसलं की 'ओपेक' हे डोळ्यासमोर यायलाच हवं. यादीशिवाय हे होत नाही. ग्रामीण भागातल्या मुलांना ज्या पायरीने वर चढता येतं, तीच जुनी म्हणून काढून घेऊ नका, ही विनंती.

शब्दमागोवा

अभ्यासिका_लातूर, तुमची घाई समजते. पण पेपर काढणारा नेमका यादीवाल्यालाच पकडतो. 'इन्व्हॅल्युएबल'चा विरुद्धार्थी विचारून पर्यायांत 'व्हॅल्युएबल' ठेवतात. यादीवाला तिथेच खूण करतो. 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे ज्याचं मोल करता येत नाही इतकं मौल्यवान, आणि त्याचा विरुद्धार्थी 'वर्थलेस'. 'इन्फेमस' म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. पन्नास गुणांसाठीच तयारी करायची असेल, तरीही प्रत्येक शब्दापुढे स्वतःचं एक वाक्य लिहा.

सातच्या_बसने

मला म्हणींवर बोलायचं आहे, कारण इथे कुणीतरी 'हल्ली म्हणी कोण बोलतं' म्हणणारच.

मी हिंजवडीत काम करते, रोज लंडनच्या ऑफिसातल्या लोकांशी बोलणं असतं. अख्खी म्हण कुणीच म्हणत नाही, हे खरं. पण अर्धी सतत म्हणतात. एका कॉलवर बरीच मंडळी एकच आराखडा दुरुस्त करत होती. तिकडचे मॅनेजर एवढंच म्हणाले, "टू मेनी कुक्स…" आणि थांबले. सगळे हसले आणि दोघं जण कामातून बाजूला झाले. आमच्या टीममधला एक हुशार मुलगा मला चॅटवर विचारत होता, स्वयंपाक्यांचा विषय कुठून आला? त्याचं तांत्रिक इंग्रजी माझ्यापेक्षा सरस आहे. पण 'टू मेनी कुक्स स्पॉइल द ब्रॉथ', म्हणजे स्वयंपाकी फार झाले की रस्सा बिघडतो, हे त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. 'व्हेन इन रोम', 'बर्ड्स ऑफ अ फेदर', 'स्पीक ऑफ द डेव्हिल' या सगळ्यांचं हेच. पुढचा भाग ऐकणाऱ्याला ठाऊक आहे असं गृहीत धरूनच बोलतात.

त्यामुळे बोलण्यासाठी नसली तरी समजण्यासाठी म्हण यायलाच हवी. मी मराठी माध्यमातून शिकले. आमच्या बाईंनी म्हणी पाठ करून घेतल्या होत्या, त्याचा मला आजही उपयोग होतो.

गोदाकाठची

सातच्या_बसने, अगदी मनातलं लिहिलंत.

शब्दमागोवा सर, 'लेंड–बॉरो' मान्य. पण तुम्ही सगळ्या जोड्यांना एकाच दावणीला बांधताय. जोड्या एका जातीच्या नसतात. 'अलाइव्ह–डेड'मध्ये मधलं काही नाही, एक नसेल तर दुसरं असणारच. 'हॉट–कोल्ड'मध्ये मधे 'वॉर्म' आहे, 'कूल' आहे. गरम नाही म्हणजे लगेच थंड होत नाही. 'लेंड–बॉरो', 'बाय–सेल', 'टीच–लर्न' यांत व्यवहार एकच असतो, फक्त बाजू बदलते. गोंधळ या तिसऱ्या जातीत होतो, कारण तिथे कोण देतं आणि कोण घेतं ते धरून ठेवावं लागतं. 'हॉट–कोल्ड'मध्ये माझ्या वर्गात कुणी चुकत नाही. आणि चारही शब्द एका रेषेवर मांडले की 'ल्यूकवॉर्म' म्हणजे कोमट हा पाचवा शब्द मुलं स्वतः मागून घेतात. यादीत हे होत नाही, जोडी फळ्यावर आडवी मांडली की होतं.

'इन्फ्लेमेबल'बद्दल म्हणाल तर तो अपवाद मी मुद्दाम शिकवेन. त्यासाठी नियम टाकून देणार नाही.

जुना_वाचक

या निमित्ताने सी. के. ऑग्डेन यांची आठवण काढायला हवी. १९३० मध्ये त्यांनी 'बेसिक इंग्लिश' मांडलं, अवघ्या ८५० शब्दांचं. त्यात गुणवाचक शब्द १५०, आणि त्यातले ५० त्यांनी 'विरुद्ध' अशा वेगळ्या रकान्यातच ठेवले होते. विरोध या कल्पनेवर त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिलं. म्हणजे थोडक्या शब्दांत भाषा शिकवायची तर विरोधाचा आधार घ्यावा लागतो, हे शंभर वर्षांपूर्वी एका मोठ्या माणसाला दिसलं होतं. ताईंची पद्धत 'जुनी' म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी हे बघावं.

शब्दमागोवा

जुना_वाचक, ऑग्डेन यांनी शब्द निवडले ते कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त बोलता यावं म्हणून. रकाना निवडीचा होता. दोन्ही शब्द एकाच तासाला शिकवा असं त्यातून निघत नाही.

तुलनाच करायची तर मायकेल वेस्ट यांच्याशी करा. ते ढाक्यात शिकवत होते, आपल्यासारख्याच मुलांना, ज्यांच्या घरी इंग्रजी नव्हतं. त्यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. निवडीचा मोठा आधार होता, शब्द वाचनात किती वेळा भेटतो. कारण वारंवार भेटणारा शब्द शिकला की मुलाला पान वाचता येतं. या कसोटीवर म्हणी लावून बघा. 'ब्रॉथ', 'मॉस', 'व्हेसल' हे शब्द सातवीच्या मुलाला पुन्हा कधी भेटणार? 'अफोर्ड', 'अव्हॉइड', 'रीच' येत नसताना 'रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस' शिकवण्यात जो वेळ जातो, तो कुणाच्या तरी वाचनातून कापला जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजीला तास किती मिळतात, हे ताईंना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

सातच्या_बसने

'मॉस' भेटणार नाही, मान्य. पण त्याच म्हणीतला 'गॅदर' भेटणार, 'रोल' भेटणार. आणि म्हणींमुळे वाद घालता येतो, हा फायदा कुणी मोजतच नाही. 'मेनी हँड्स मेक लाइट वर्क' (हात जास्त तर काम हलकं) आणि 'टू मेनी कुक्स' या एकमेकींच्या उलट म्हणी आहेत. तसंच 'लुक बिफोर यू लीप' (उडी मारण्याआधी बघा) आणि 'ही हू हेझिटेट्स इज लॉस्ट' (जो कचरतो तो संपतो). वर्गाचे दोन गट करा, एकेकाला एकेक म्हण द्या आणि बोलू द्या. 'मेनी हँड्स' आणि 'आउट ऑफ साइट, आउट ऑफ माइंड' यांसारख्या म्हणी जॉन हेवुड यांच्या १५४६ च्या संग्रहात आहेत. पावणेपाचशे वर्षं माणसं या वाक्यांवर भांडतायत, आपली मुलंही भांडतील की! शब्द भांडताना जितके पक्के होतात तितके वही भरताना होत नाहीत.

अभ्यासिका_लातूर

वरच्या चर्चेनंतर माझी वही उघडली. विरुद्धार्थी शब्दांची पानं भरलेली आहेत, वाक्य एकही नाही. आजपासून शब्दमागोवा सर म्हणतात तसं करून बघतो. पण यादी टाकत नाही. ताई, 'कन्सील'ला (लपवणे) यादीत 'रिव्हील' आहे आणि जुन्या पेपरात 'डिस्क्लोज' आहे. कोणता धरू?

गोदाकाठची

दोन्ही बरोबर. पर्यायांत जो असेल तो धरायचा, दोन्ही एकदम देत नाहीत. तिन्ही शब्द घालून मालमत्तेवर वाक्यं लिही. उमेदवाराने मालमत्ता कन्सील केली, न्यायालयाने डिस्क्लोज करायला सांगितली, कागदपत्रांनी खरं रिव्हील केलं. 'डिस्क्लोज' जास्त करून अधिकृत माहितीला लागतं, 'रिव्हील' कशालाही.

शब्दमागोवा सर, तासांचा मुद्दा खरा आहे आणि तो मला बोचला. दिवाळीआधी 'बॉरो', दिवाळीनंतर 'लेंड' असं या वर्षी करून बघते. विशेषणांच्या जोड्या मात्र एकत्रच शिकवणार.

शब्दमागोवा

विशेषणांबाबतही मी असहमतच आहे. 'हॉट–कोल्ड'मध्ये मुलं चुकत नाहीत कारण ते शब्द त्यांना पहिलीपासून माहीत असतात. 'शॅलो–डीप' (उथळ–खोल) किंवा 'स्टीप–जेंटल' (चढ तीव्र–सौम्य) ही जोडी दोन्ही शब्द नवे असताना द्या, आठवड्याने न सांगता विचारा आणि निकाल इथे लिहा. उलट निघाला तर मी प्रशिक्षणाच्या टिपणात तशी दुरुस्ती करेन.

गोदाकाठची

सोमवारी 'शॅलो–डीप' देते. एका तुकडीला जोडीने, दुसरीला एकेक.