चिनी पारंपरिक उपचार : तुमचे अनुभव लिहा

चीन, हाँगकाँग, सिंगापूर, मलेशियात राहणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांनी कधी ना कधी सुया टोचून घेतल्यात, पाठीला पेले लावून कपिंग केलंय, नाहीतर नाक दाबून काढा प्यायलाय. महाराष्ट्रातही ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. तरी या विषयावर बोलणं निघालं की लोक एकतर 'चमत्कार' म्हणतात, नाहीतर 'थोतांड'. त्यातून दुखणाऱ्या माणसाला काहीच कळत नाही. म्हणून हा धागा. काय दुखत होतं, वैद्यांनी काय विचारलं, नेमकं काय केलं, उतार पडला का, आणि सोबत दुसरं कुठलं औषध चालू होतं, हे सगळं लिहा. शेवटचं तर नक्कीच लिहा.

सुरुवात मी करते. मुक्काम सिंगापूर, दुखणं फ्रोझन शोल्डर. मागे हात नेऊन वेणी घालता येत नव्हती. वैद्यबाईंनी आधी जीभ बघितली, मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली. झोप कशी लागते, घाम कधी येतो, पाणी गार आवडतं की गरम, असे प्रश्न. खांद्याबद्दल सगळ्यात शेवटी! सुई केसासारखी बारीक, टोचताना जेमतेम कळते. पण पहिली सुई खांद्यात नव्हतीच, गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला होती. ती हलकेच फिरवत त्या म्हणाल्या, "आता हात वर करा." पायात एक जड, पसरत जाणारी कळ आली. तिला ते 'तेची' म्हणतात आणि ती येईपर्यंत थांबतात. हात त्या दिवशी थोडा जास्त वर गेला. रात्रीची ठणक पुढच्या काही आठवड्यांत कमी झाली. फिजिओथेरपीचे व्यायामही रोज चालू होते, त्यामुळे कशाने किती फरक पडला हे मी सांगू शकत नाही. पण झोप लागायला लागली, हे माझ्यासाठी फार मोठं होतं.

नानजिंगची विद्यार्थिनी : ताई, छान धागा. मी इथे एमबीबीएस करते, आम्हाला चिनी वैद्यक हा विषयच आहे. रुग्णालयातल्या औषधशाळेत भिंतभर लाकडी खण, एकेका खणात वाळलेली मुळं, साली, फुलं. चिठ्ठीप्रमाणे प्रत्येक वस्तू तोलून कागदावर मांडतात. घरी उकळायला वेळ नसेल तर यंत्रात काढा करून पाकीटबंद देतात, गरम पाण्यात ठेवून प्यायचा. ज्येष्ठमध जवळजवळ प्रत्येक नुस्ख्यात. आलं, दालचिनीही खूप. खोकल्याला मला मिळालेल्या काढ्यात वाळवलेली संत्र्याची सालही होती. चव आईच्या काढ्याच्या जवळची, कडूपणा दुप्पट.

आमच्या सरांनी शिकवलेली चिनी संशोधिका तू यूयू यांची गोष्ट मला फार आवडते. हिवतापावर औषध शोधताना त्यांना चौथ्या शतकातले चिनी वैद्य गे होंग यांच्या ग्रंथात छिंगहाव वनस्पतीची कृती सापडली : मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळायचं नावच नाही! उष्णतेने गुण जात असेल असं ताडून त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला, त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं. २०१५ चं नोबेल त्याचंच.

पुणेकर : पाठीला कपिंग केलं. काचेच्या पेल्यात क्षणभर ज्योत फिरवून पेला पाठीवर लावतात, कातडी आत ओढली जाते. जांभळे गोल वळ आठवडाभर राहिले. सैल वाटलं, पण दोन दिवसच. बेंबी सरकली की आजी पोटावर दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालायची, तेच तंत्र.

सोलापूर : कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात डॉ. बिजॉय कुमार बसू होते. ते नंतर पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतात ही विद्या रुजवण्याचं मोठं श्रेय त्यांचं.

ठाणे : आईच्या केमोच्या वेळी मळमळ थांबेना. तिच्या डॉक्टरांना विचारूनच मनगटाच्या आतल्या बाजूचा बिंदू दाबायला शिकलो : घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटं, दोन कंडरांच्या मधोमध. उलटीच्या गोळ्या चालूच होत्या. तिला बरं वाटायचं, आणि मला तिच्यासाठी हाताने काहीतरी करता यायचं.

क्वालालंपूर : वडिलांच्या मधुमेहासाठी गेलो, तर तिथल्या वैद्याने इन्सुलिन बंद करायला सांगितलं. आम्ही उठून बाहेर आलो. एक विचारायचं होतं, वडील रक्त पातळ करायची गोळी घेतात. गुडघेदुखीसाठी शेजारच्या आजींनी दांगगुई नावाच्या चिनी मुळीचा काढा दिलाय. चालेल का?

डॉक्टर, नागपूर : दादा, तो काढा आज देऊ नका. दांगगुई आणि वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी एकत्र आले तर रक्तस्राव वाढू शकतो. गोळी कुठलीही असो, त्यांच्या डॉक्टरांना आधी फोन करा. सुया टोचून घ्यायच्या असतील तरी गोळीबद्दल आधी सांगा. आणि सगळ्यांसाठी : १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी नावाने जवळची दुसरीच आली. तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने शंभराहून जास्त लोकांच्या, बहुतेक बायकांच्या, किडन्या खराब झाल्या. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपली सापसण त्याच कुळातली. 'झाडपाला आहे, अपाय नाही' हे वाक्य माझ्या ओपीडीत रोज ऐकते आणि रोज खोडते. सुया मात्र निर्जंतुक, एकदाच वापरायच्या आणि पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं असावं. छातीवर खोल सुई गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं, म्हणून शिकलेलाच माणूस हवा.

क्वालालंपूर : धन्यवाद डॉक्टर. काढा ठेवून दिलाय, आत्ताच फोन लावतो.

सिंगापूरबद्दल व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) विचारणाऱ्यांसाठी इथेच लिहिते : इथल्या चिनी वैद्यांची सरकारी नोंदणी असते, मंडळाच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येतं. खर्चाची अडचण असेल तर थोंग चाय ही १८६७ पासूनची संस्था आहे, ती जात-धर्म न बघता मोफत तपासते. सकाळी लवकर जा. पुढचे अनुभव येऊ द्या, मॉक्सा (वाळलेल्या वनस्पतीचा शेक) आणि ग्वाशा (कातडीवर पट्टीने घासणं) अजून कुणी लिहिलेलं नाही.