उशुआयाला जायचंय, जूनमध्ये. सल्ला द्या

गुऱ्हाळवाला
नमस्कार मंडळी. भाचा ब्यूनोस आयर्सला नोकरीला आहे, जूनमध्ये मी आणि मिसेस त्याच्याकडे जाणार आहोत. तिथून खाली उशुआयाला चार दिवस जाऊन यावं म्हणतोय. अर्जेंटिनाचं पार टोकाचं बंदर. भाच्याच्या घरून पुढचा दोघांचा सगळा खर्च दीड लाख, वर एक रुपया नाही. मिसेस शाकाहारी. विमान बरं की बस? कपडे काय घ्यावेत?

रंकाळावारा
जून?? अहो तिकडं ऐन हिवाळा असतो. दहाला उजाडतं नि पाचला अंधार. डिसेंबरमध्ये जावा, सतरा तास उजेड, पेंग्विनही दिसतात.

तांबडापांढरा
डिसेंबरच. आणि एवढं लांब जाताय तर अंटार्क्टिकाची बोट पकडा की. बहुतेक बोटी उशुआयातूनच सुटतात. आम्ही केली. खर्च विचारू नका, पण नाद खुळा!

गुऱ्हाळवाला
दीड लाख लिहिलंय वर. आणि त्या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च. तेव्हा माझं गुऱ्हाळ चालू असतं, काहिलीवर आधण सोडून पेंग्विन बघायला जाऊ का?

पेठेतला_गोलकीपर
अर्जेंटिना!! भावा, मेस्सीच्या देशाला चाललास, हिवाळा काय नि उन्हाळा काय. २०२२ आठवतंय न्हवं? अख्खी पेठ रस्त्यावर होती.

पिवळी_जर्सी
तीनच वर्ल्ड कप की तुमचे. आमच्या ब्राझीलचे पाच. चालू द्या.

पेठेतला_गोलकीपर
शेवटचा कधी जिंकला ते पण सांग. २००२!

सीमेपार
फुटबॉल शाहू स्टेडियमवर करा. काका, बसचा विचार सोडा. उशुआया बेटावर आहे आणि रस्त्यानं जायचं तर मध्ये चिलीत शिरावंच लागतं, मॅगेलनची सामुद्रधुनी फेरीबोटीनं ओलांडावी लागते. म्हणजे चिलीच्या व्हिसाची भानगड आणि अर्जेंटिनाचा व्हिसा पुन्हा आत येता येईल असा हवा. शिवाय चिलीच्या नाक्यावर खाण्याच्या वस्तू कसून तपासतात, फळंबिळं नेली आणि सांगितली नाहीत तर दंड. विमानानं साडेतीन तासांत पोचाल.

रंकाळावारा
विमानच. मी पण हेच सांगणार होतो.

शाहूपुरी_ट्रॅव्हलर
पण विमानतळ नीट बघून घ्या. भारतातून येणारं विमान एझेझाला उतरतं, उशुआयाची बहुतेक विमानं आयरोपार्केवरून सुटतात. ती शहराच्या दोन टोकांना. आमच्या ओळखीच्यांनी मध्ये तीन तास ठेवले होते, पुढचं विमान गेलं. स्वस्त तिकिटात फक्त छोटी बॅग असते, मोठीचे पैसे वेगळे.

गुऱ्हाळवाला
भाच्याकडे मुक्काम करूनच पुढं जाणार, तो प्रश्न नाही. पैसे कसे न्यावेत?

तांबडापांढरा
डॉलर रोख न्या. शंभराच्या नोटा, कोऱ्या करकरीत. घडी पडलेली घेताना कुरकुरतात.

सीमेपार
ते जुनं झालं. रोख डॉलरला बँकेबाहेर दुप्पट भाव मिळायचा तो काळ गेला, आता तफावत फारशी नाही. कार्ड चालतं. थोडे डॉलर जवळ असू द्यावेत.

तांबडापांढरा
आम्ही गेलो तेव्हा मिळत होता. बाकी तुमचं तुम्ही बघा.

कसबा_बावडा
जगाचं शेवटचं शहर म्हणतात ते खोटं आहे. बीगल खाडीच्या पलीकडे चिलीचं पुएर्तो विल्यम्स त्याच्याही दक्षिणेला. चिलीनं २०१९ मध्ये त्याला शहराचा दर्जा दिला.

पेठेतला_गोलकीपर
मूठभर वस्ती ती, तिला काय शहर म्हणायचं? आपलं कळंबा त्याच्याहून मोठं असंल.

थंडीखाऊ
कपड्यांचं कुणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो. पारा शून्याच्या आसपास असतो, खरा त्रास वाऱ्याचा. छत्री घरीच ठेवा, उलटी होते. जाड जर्किन विकत घेऊ नका, तिथं भाड्यानं मिळतं. बुटाला लावायचे काटे मात्र घ्याच, उताराचे फुटपाथ बर्फानं गुळगुळीत असतात. बीगल खाडीतली बोटफेरी हिवाळ्यातही चालते, सी लायन आणि दीपगृह दिसतं. जुना तुरुंग १९४७ ला बंद झाला, आता संग्रहालय आहे, बाहेर बर्फ पडत असताना तिथं अर्धा दिवस मजेत जातो. कैद्यांची झुकझुक गाडी हवी तर करा, महाग आहे. वहिनींसाठी चीज किंवा मक्याचे एम्पानाडा (आपल्या करंजीसारखे) मिळतील. मांस नको म्हटलं तरी हॅम घालतात, तेवढं स्पष्ट सांगा.

शाहूपुरी_ट्रॅव्हलर
पिवळ्या तापाची लस! अर्जेंटिनातून परतताना भारतात दाखला मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या. साठीच्या पुढं असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गुऱ्हाळवाला
आभार सगळ्यांचे. तिकिटं काढली. जूनच. २१ जूनला तिथं वर्षातली सर्वांत मोठी रात्र, तिचा उत्सव असतो म्हणे, तो बघतो. पेंग्विन राहू देत, बोट पण नको. विमानानं जाणार, बाकी छत्री मिसेसनी आधीच भरली आहे.

रंकाळावारा
मग विचारलं कशाला?

कसबा_बावडा
ते असू दे. बिनरसायनाच्या गुळाचा दहा किलोचा रवा शिल्लक आहे का? दर कळवा.