बीपीटी आलेखात बिंदू वर का पडतो? ताऱ्यांचा उजेड की कृष्णविवराचा?

तापीकाठ_यावल
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी स्लोन या आकाश-सर्वेक्षणातल्या एका दीर्घिकेचा वर्णपट घेतलाय, रेडशिफ्ट (रेषा लालकडे किती सरकल्या, त्यावरून अंतर कळतं) ०.०५. या आठवड्यात शेताची वीज रात्रीची आहे. बाबा केळीचं ठिबक सुरू करायला गेले की मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसते. नायट्रोजन (६५८४ अँगस्ट्रॉम) भागिले हायड्रोजन-अल्फा (६५६३) आलं ०.६०. ऑक्सिजन (५००७) भागिले हायड्रोजन-बीटा (४८६१) आलं २.८. हे दोन भागाकार आडव्या-उभ्या अक्षांवर मांडले, हाच बीपीटी आलेख. बिंदू केवली यांच्या २००१ च्या रेषेच्या (नुसत्या ताऱ्यांच्या उजेडाने गाठता येईल ती कमाल मर्यादा) वर पडतो, म्हणजे सक्रिय कृष्णविवर. पण चित्रात फाटे निळेशार आहेत, तिथे नवे तारे जन्मताहेत. कशावर विश्वास ठेवू?

सातपुडा_पायथा
ताई, आधी सांगा, ताऱ्यांचा उजेड वजा केला का? ताऱ्यांच्या वातावरणातला हायड्रोजन नेमका ४८६१ ला उजेड शोषतो, तिथे खळगा पडतो. वायूची रेषा त्या खळग्यातून वर येते. पाटचारीत उभा माणूस बांधावरून बुटका दिसतो ना, तसं. बीटा कमी भरली की भागाकार फुगतो. अल्फा मुळात बीटाच्या जवळपास तिप्पट, तिला फटका कमी.

शेजारशेजारच्या रेषा भागतो त्याचं कारण धूळ. ती दोघींना जवळपास सारखंच मंद करते, भागाकारात तिचा परिणाम निघून जातो. आणि ऑक्सिजन का, तर त्याचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, हायड्रोजनला १३.६ पुरतात. इतके जोरकस फोटॉन तरुण ताऱ्यांकडे थोडे, कृष्णविवराभोवतीच्या तप्त तबकडीकडे भरपूर. या आलेखाची सगळी करामत एवढ्यात आहे. १९८१ पासून वापरात आहे, मला अजून त्याचं नवल वाटतं.

तापीकाठ_यावल
दादा, वजा केला नव्हता! रात्री ४८६१ चा भाग मोठा करून पाहिला. शेंड्याच्या दोन्ही बाजूंना रेघ खाली वाकलेली, इतके दिवस डोळ्यासमोर होती. आता ०.५६ आणि १.१२ आलं. बिंदू केवलींच्या रेषेखाली, पण काउफमन यांच्या २००३ च्या रेषेच्या (तिच्याखाली निव्वळ ताऱ्यांच्या दीर्घिका) वर. मिश्र, म्हणजे तारे आणि कृष्णविवर दोन्ही, असं म्हणू का?

धुळे_दुर्बीण
म्हणा, पण निम्मं-निम्मं असं लिहू नका. जुन्या स्लोन वर्णपटांचा फायबर (उजेड गोळा करणारी काचेची बारीक नळी) आकाशात ३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). तुमच्या अंतरावर त्यात सुमारे १० हजार प्रकाशवर्षांचा मधला भाग येतो, म्हणजे गाभा आणि भोवतालचे तारे एकाच नळीतून. चित्रातले निळे फाटे बहुतेक त्याच्या बाहेरच राहिले असतील, म्हणून चित्र आणि वर्णपट भांडत नाहीत. एक तपासा, अल्फाची समतुल्य रुंदी (भोवतालच्या उजेडाच्या मानाने रेषा किती ठळक, त्याचं माप) किती? ३ अँगस्ट्रॉमच्या खाली असेल तर म्हाताऱ्या ताऱ्यांचा उजेडही आपल्याला फसवतो.

तापीकाठ_यावल
१८ आली. म्हातारे तारे बाद. वहीत अशाच आणखी ३९ दीर्घिका आहेत, सगळ्या वजाबाकी न करता मोजलेल्या. आज रात्री पहिल्यापासून सुरू करते.