प्रति: मार्कडाउनच्या स्लाइड घरी चालतात, सभागृहात का नाही?

ठाण्यातल्या सभागृहात नेट नव्हतं असं तुम्ही लिहिलंय, कारण तेच. पँडॉक (मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणांनी लिहिलेला मजकूर, दुसऱ्या रूपात बदलणारा प्रोग्राम) रिव्हील-जेएसची, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्लाइडची, जी फाइल बनवतं तिच्यात स्टाइल (मांडणी) आणि स्क्रिप्ट (स्लाइड चालवणारा कोड) नसतात, फक्त त्यांचे नेटवरचे दुवे असतात. नेट गेलं की एकाखाली एक उघडा मजकूर उरतो. पँडॉकच्या आज्ञेत स्टँडअलोन (पूर्ण फाइल बनवणारा पर्याय) सोबत एम्बेड-रिसोर्सेस हा पर्याय द्या (पँडॉकच्या 2.19 च्या आधीच्या आवृत्तीत सेल्फ-कंटेन्ड), म्हणजे चित्रांसकट सगळं एकाच फाइलमध्ये येतं. मात्र अशा फाइलमध्ये वक्त्याच्या टिपांची खिडकी चालेलच असं नाही. टिपा हव्याच असतील तर रिव्हील-जेएसचं फोल्डर पेनड्राइव्हवर न्या आणि रिव्हील-जेएस-यूआरएल या पर्यायात त्याचा सापेक्ष (स्लाइडच्या फाइलपासूनचा) पत्ता द्या.

देवनागरी फॉन्टचं नुसतं नाव देऊ नका. त्या लॅपटॉपवर तो नसेल तर अक्षरं बदलतात, ओळी लांबतात आणि मजकूर स्लाइडबाहेर जातो. फॉन्टची फाइल सीएसएसमध्ये (मांडणीचे नियम असलेल्या फाइलमध्ये) फॉन्ट-फेस या नियमाने जोडा.

‘मधल्या स्लाइड गायब होतात’ ही तुमची दुसरी तक्रार वेगळं दुखणं आहे. स्लाइड-लेव्हल (कितव्या पातळीच्या शीर्षकापासून नवी स्लाइड सुरू होते ते) 2 असेल तर दुसऱ्या पातळीच्या शीर्षकांच्या स्लाइड विभागाच्या स्लाइडखाली रचल्या जातात आणि उजवा बाण त्यांना ओलांडून थेट पुढच्या विभागात जातो. स्पेसबार दाबा, किंवा नॅव्हिगेशन-मोड हा पर्याय लिनिअर (सगळ्या स्लाइड एकामागून एक) ठेवा. स्लाइड-लेव्हल स्वतः लिहिलेली बरी, कारण पँडॉक ती अंदाजाने ठरवतं: पहिल्या पातळीच्या एखाद्या शीर्षकाखाली चुकून एक ओळ राहिली तरी अख्खी रचना बदलते.

आणि यादीच्या आधी एक ओळ रिकामी सोडा, नाहीतर मुद्दे परिच्छेदात मिसळतात.