मदत हवी आहे: कूलरवर होल्याने अंडी घातली, पोरांना कसं आवरू?

ताटीवाली_आई

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरला, प्रतापनगरात राहतो, पहिला मजला. दरवर्षी पाडव्याच्या आसपास कूलर धुऊन, ताट्या (कूलरच्या बाजूंचं भिजणारं गवत) बदलून तयार असतो. यंदा घरात लग्न होतं, राहून गेलं. परवा ताट्यावाल्यानं वरची ताडपत्री उचलायला हात घातला आणि फडफड करत होला (कबुतराच्या जातीचा लहान पक्षी) उडाला. ताडपत्रीच्या खळग्यात दहाबारा काड्या, वायरचा एक तुकडा आणि दोन पांढरी अंडी. सासूबाई म्हणाल्या, "याच्यापेक्षा माझा खराटा बरा बांधलेला असतो."

ताट्यावाला चहा पिऊन परत गेला. पारा ४२ वर आहे, पण हॉलमध्ये दुसरा कूलर आहे, सगळे तिथेच गाद्या टाकून झोपतो. किती दिवस, एवढंच सांगा.

खरा प्रश्न पोरांचा. मुलगा ७ वर्षांचा, मुलगी ४. कूलरच्या वर खिडकीची काच आहे, तिच्यातून घरटं हातभर अंतरावर. दोघं स्टुलावर चढून नाक काचेला लावून उभे. धाकटी कुजबुजते (तिची कुजबुज शेजारी ऐकू जाते), "आई, तो माझ्याकडेच पाहून राहिला!" काल दुपारी होला तीनदा उडाला. एकदा तर वीस मिनिटं आलाच नाही. मुलाला अंडं "फक्त एकदा" हातात हवंय. आजी म्हणते, माणसाचा हात लागला की पक्षी अंडी टाकून देतो. खरं का? शिवाय दोघांनी पोळीचा चुरा नेऊन ठेवला, त्यावर कावळा आला.

खिडकीला चादर लावून मोकळी होऊ शकते. पण मोबाईल सोडून पोरं पहिल्यांदाच कशाततरी रमलीत हो.

गच्चीवरचा

आमच्याकडेही असंच झालं होतं. घरटं अलगद उचलून कुंडीत ठेवलं. काही होत नाही. चालू करा कूलर.

काटेसावर

गच्चीवरचे, तुमचं नशीब. ताई, अजिबात हलवू नका. काड्यांचं ते घरटं उचलताना हातातच सुटतं, आणि होला जुन्या जागीच येऊन बसतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांची अंडी, घरटी छेडणं शिकारीच्या व्याख्येतच येतं.

आजींचं अर्धं खरं. हाताच्या वासानं काही होत नाही. पण अंड्यांवर असताना पुन्हापुन्हा उठवलं तर पक्षी खरंच जागा सोडतो. आणि तुमच्याकडे त्याहून मोठी भीती उन्हाची. या दिवसांत होला अंडी ऊब द्यायला कमी आणि सावली द्यायला जास्त बसतो. भर दुपारी वीस मिनिटं उघडी राहिली तर अंडी खराब होऊ शकतात. त्यामुळे ११ ते ५ खिडकी बंद म्हणजे बंद.

काचेला आतून काळा कागद चिकटवा. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला दोन बोटं रुंद फट ठेवा, प्रत्येकाची वेगळी, नाहीतर भांडतील. खोलीतला दिवा बंद. स्टूल काढून टाका, पाटावर उभं करा म्हणजे धडपड नाही. एका वेळी दोन मिनिटं.

पाहायला काहीतरी काम द्या. होल्यांत नर-मादी दोघं आळीपाळीनं बसतात, साधारण सकाळी उशिरापासून दुपारभर नर, पुढे रात्रभर मादी. ही ड्युटी कधी बदलते ते थोरल्याला कॅलेंडरवर लिहू द्या. धाकटीसाठी घरट्यापासून लांब, दुसऱ्या बाजूला मातीच्या परळात पाणी ठेवा. चिमणी घोट घेऊन मान वर करते, होला चोच बुडवून सलग ओढतो. ४ वर्षांच्या पोरीला हे पटकन दिसतं.

अंडी १३-१४ दिवसांत फुटतात, पुढे दोनेक आठवड्यांत पिल्लं उडतात. पिल्लं आ वासत नाहीत, आईबापाच्या चोचीत चोच घालून गळ्यातलं दुधासारखं काहीतरी पितात. म्हणून पोळी, भात, दूध काही नको. चुरा आजच झाडून टाका, कावळ्याला पत्ता तुम्हीच दिलाय.

गच्चीवरचा

बरं. कायद्याचं माहीत नव्हतं.

धंतोलीकर

पिल्लू खाली पडलं तर घाबरू नका, उचलून परत घरट्यात ठेवा. जखमी असेल तर सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. खोक्यात कापड घालून न्या, पाणी पाजू नका.

ताटीवाली_आई

काटेसावर, कागद लावला. भांडण तरीही झालं, कारण थोरल्याची फट "जास्त चांगली" आहे. आज सकाळी ९.४० ला ड्युटी बदलली, तसं कॅलेंडरवर आहे, दुधाच्या हिशोबाच्या खाली. अंड्याऐवजी थोरल्याला कणकेची दोन अंडी करून दिली. ती त्यानं रुमालावर ठेवली आणि कूलरसमोर बसून दुपारभर उबवली. एक फुटलं. दुसरं अजून चालू आहे.

ताट्यावाल्याला पुढच्या महिन्याची वेळ दिली. तो म्हणाला, "ताई, तोवर पाऊस येईल."